‘मामा’, ‘पप्पा’ आणि ‘बाबा’ एकसारखेच दिसतात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या मागच्या रविवारच्या पुरवणीत बारावी पास झालेल्या एका कर्णबधिर मुलीवर अर्धं पान आलं होतं. मुलीचं कौतुक आहेच, तिच्या आईचं जरा जास्त. माझं भांडण आहे ते मथळ्याशी. ‘ओठ वाचून सारं काही ऐकते’ असं ठळक छापलंय आणि खाली चौकटीत, ‘खुणांची भाषा शिकण्याची वेळच आली नाही’. त्या चौकटीवरून साताऱ्याला आमच्या पुतणीच्या घरात आठवडाभर वाद पेटलाय, तो पुढं सांगतो. त्याआधी हे लिहिणारा मी कोण, ते सांगायला हवं.

मी विट्यात तीस वर्षं यंत्रमागावर काढली. १९८२ साली अठरा वर्षांचा असताना मागावर उभा राहिलो, पुढं जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती-देखभाल बघणारा, झालो आणि २०१२ साली गुडघे बोलायला लागले तेव्हा शेडमधून बाहेर पडलो. कान त्याच्या कितीतरी आधी गेले होते. पण मागाच्या शेडमध्ये बहिऱ्या माणसाचं काही अडत नाही, त्यामुळं कळायलाच उशीर झाला.

धोट्याचे, म्हणजे आडवा दोरा इकडून तिकडं फेकणाऱ्या लाकडी धोट्याचे, सोळा माग एका पत्र्याखाली चालू असले की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी निम्मं वाया जातं. म्हणून शेडमध्ये सगळेच ओठांवर बोलतात, कान शाबूत असलेलेसुद्धा. तोंड जरा मोठं करायचं, शब्द कमी वापरायचे, उरलेलं हातानं. कांडी, म्हणजे धोट्यातली बाण्याच्या (आडव्या) सुताची गुंडाळी, संपली तर करंगळी वर. दिवाणजी आला तर मिशीवर बोट. चहाला तर ओठ हलवायचीही गरज नसते. आमची मंडळी त्याच शेडमध्ये कांडी मशिनवर होती. पार त्या टोकावरून ती मला ‘डबा खाल्ला का’ विचारायची आणि मी इकडून ‘भात करपलाय’ म्हणून सांगायचो. इंग्लंडात लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या बायका अशाच बोलायच्या आणि त्याला तिकडं ‘मी-मॉइंग’ म्हणत, हे मला नातवानं मोबाइलवर दाखवलं. आम्हाला वाटायचं ही विद्या विटा-इचलकरंजीच्या बाहेर कुणाला ठाऊक नसेल.

आठ तासांना नव्वद डेसिबल ही तेव्हा कायद्यातली मर्यादा होती. आमच्या शेडमध्ये मोजायला कुणी आल्याचं मला आठवत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात गोंगाटानं येणारं बहिरेपण हा कामामुळं होणारा आजार म्हणून छापलेला होता, हेही मला काम सोडल्यावर समजलं. समजून उपयोग काय, चार-आठ मागांच्या शेडला परिशिष्ट विचारतो कोण! आम्ही कानात बोळा घालायचो, तोही टाकाऊ सुताचा. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग मोबाइलची बारीक घंटी, मग बायामाणसांचं बोलणं. पुरुषांचं जाड बोलणं येत राहिलं, म्हणून मी बरीच वर्षं म्हणत होतो की ऐकू येतंय, पण लोक हल्ली नीट बोलत नाहीत.

२००९ साली मुलानं मिरजेला तपासायला नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, आवाज आला की बोट वर करायचं. मी बोट तयार ठेवून बसलो. बराच वेळ काही होईना तेव्हा मॅडमना विचारलं, कधी सुरू करणार? तर अर्धी तपासणी उरकली होती. मग त्यांनी आलेख दाखवला. डावीकडं, म्हणजे जाड आवाजांकडं, रेघ बऱ्यापैकी वर. उजवीकडं बारीक आवाजांकडं जावं तशी खाली, आणि ४००० हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारखी. गोंगाटात राबलेल्या माणसाचा आलेख बहुतेक वेळा इथंच पहिल्यांदा खचतो. मॅडमनी कागदावर लिहिलं, ‘माग की साखर कारखाना?’ मी काही सांगायच्या आत!

नंतर त्यांनी तोंडापुढं कागद धरून वीस शब्द म्हटले. मला चार कळले. कागद खाली घेऊन दुसरे वीस म्हटले. तेरा कळले. मागावरची सवय कधी घरात, बाजारात, पंगतीत माझ्याबरोबर आली होती ते माझं मलाच माहीत नव्हतं.

परतताना सतारमेकर गल्लीतून आलो. एका दुकानात कारागीर तंबोरा जुळवत होता. भोपळ्यावर हात ठेवू का, विचारलं. त्यानं ठेवू दिला. खर्जाची तार तळहाताला चांगली कळली. मागाच्या चौकटीवर हात ठेवून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणाऱ्याला त्यात अवघड काही नव्हतं. पण हे विषयांतर झालं.

घरी आल्यावर दाढीच्या आरशापुढं उभा राहून मी वर्णमाला म्हटली. गुरुजींनी कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असं घोकून घेतलेलं, ते पन्नाशीच्या तोंडावर असं कामाला आलं. क ख ग घ ङ म्हटलं, तर आरशातला माणूस नुसताच तोंड उघडून उभा, जांभई आल्यासारखा. ट ठ ड ढ ण, तेच. त थ द ध न ला जिभेचं टोक दातांमागं जरासं लुकलुकलं. आणि प फ ब भ म! ओठ मिटले, उघडले, मिटले, उघडले. पाचही वेळा तेच. मुक्यानं म्हटलं तर प कुठला आणि म कुठला, माझा मलाच सांगता येईना. ‘पान’, ‘बाण’, ‘मान’, ‘भान’ हा आरशात एकच शब्द आहे. कुणालाही खोटं वाटत असेल त्यानं उद्या सकाळी दाढी करताना करून बघावं.

कानाची चूक वेगळी. माझ्या उरलेल्या कानाला जाड आवाज येतात. म्हणजे म-न ची नाकातली गुणगुण येते, ब-द-ग चा घुमार येतो. पण ‘पाट’, ‘ताट’ आणि ‘काठ’ यांच्यात जो फरक आहे तो बारीक आवाजांत असतो, तो गेला. तर कानाला पाट-ताट-काठ सारखे आणि डोळ्याला पाट-भाट-माठ सारखे. दोघंही चुकतात, पण एकाच जागी चुकत नाहीत, त्यावर माझा संसार चाललाय. अंकलिपीतला वर्णमालेचा तक्ता आठवा. आडव्या ओळी आवाज तोंडात कुठून निघाला त्याच्या, आणि उभे रकाने कठोर, मृदू, अनुनासिक यांचे. ओळ मला डोळा सांगतो, रकाना उरलासुरला कान सांगतो. ओठ मिटलेले दिसले आणि गुणगुण आली, तर म. ओठ मिटले आणि कानात सामसूम, तर प नाहीतर फ. एक गंमत अशी की इंग्रजी शाळेत जाणारी पोरं ‘फळ’ म्हणताना खालचा ओठ दाताखाली धरतात. मराठीचे मास्तर त्यांना रागावतील, मला मात्र त्यांचा फ लांबून ओळखू येतो.

घरातला हिशेब ऐका. सून मला ‘मामा’ म्हणते, आमच्याकडं सासऱ्याला तशीच हाक असते. मुलगा ‘बाबा’ म्हणतो. नातू त्याच्या वडिलांना ‘पप्पा’ म्हणतो. तिन्ही हाकांत ओठ दोनदा मिटून दोनदा आ होतो. सुनेनं दारातून नातवाला ‘पप्पा आले का?’ विचारलं की मी ‘आलो आलो’ म्हणून उठतो. धाकट्या भावाला पोरं ‘काका’ म्हणतात, ते तर दिसतच नाही, सगळं घशात. त्याला हाक मारली की मला वाटतं कुणीतरी शिंकायच्या बेतात आहे.

मग माणसाला कळतं कसं? अंदाजानं. एसटीत कंडक्टर माझं कधी अडवत नाही, कारण तो विचारून विचारून विचारणार काय? कुठं, किती, सुट्टे आहेत का. त्याचे ओठ हलायच्या आधीच माझ्याकडं तीन उत्तरं तयार असतात. गेल्या वर्षी विट्याहून सांगलीला निघालो होतो. तासगावच्या अलीकडं गाडी थांबली, कंडक्टर माझ्यापुढं येऊन काहीतरी म्हणाला. मी खिशातून सुट्टे काढून दिले. तो पुन्हा म्हणाला. मी पास दाखवला. तो तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी आजूबाजूला बघितलं, तर गाडी रिकामी. टायर बसला होता आणि लोक केव्हाच मागच्या गाडीत चढले होते. ‘टायर’ हा शब्द माझ्या तयारीत नव्हता, म्हणून तो त्याच्या ओठांवर असूनही मला दिसला नाही. यालाच आपण ‘वाचणं’ असं छापलंय. छापलेलं वाचताना अक्षर तरी समोर स्थिर असतं. आपलं वर्तमानपत्र मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, त्यातली एक कानामात्रा माझ्यापासून लपत नाही. माणसांचं बोलणं म्हणजे अर्धा अंक पावसात भिजलेला, त्याचं उरलेलं मी मनानं लिहीत बसायचं.

आणि प्रत्येक माणसाचं तोंड वेगळं. आमच्या भागात मिशीला मान आहे. पैलवानी मिशी वरच्या ओठावरून खाली आली की त्या माणसाचं मला निम्मंच भाषण मिळतं, खालच्या ओठाचं. गालात मावा धरलेला माणूस तर ओठ उघडायलाच तयार नसतो. थोरल्या भावाची पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात तमिळनाडूत असतात. दिवाळीला येतात, मराठीच बोलतात, पण ओठांची चाल बदललीय, पहिले दोन दिवस मी नुसता हसून वेळ मारून नेतो. बँकेतला साहेब हिंदीत बोलतोय हे कळायलाच चार वाक्यं जातात, तोवर मी त्याच्या ओठांना मराठी शब्द चिकटवत असतो. त्यात त्याच्या पाठीशी खिडकी. उजेड माझ्या डोळ्यात, त्याचा चेहरा काळा, आणि तो संगणकाकडं बघून बोलणार.

सगळ्यात सोपी वाचायला आमची मंडळी, मागावरचं तोंड तिचं. पण तीन वर्षांपूर्वी तिनं दात काढून कवळी बसवली आणि दुसऱ्या दिवशी मला तिचं एक अक्षर कळेना. चाळीस वर्षांची ओळखीची तोंडाची ठेवण एका दुपारीत बदलली. ओठ पुढं आलेले, स म्हणताना गाल वेगळेच हलायचे. तिला वाटलं मी मुद्दाम करतोय. महिनाभर आमचं बोलणं नातवाच्या पाटीवर चाललं. ती तीनच शब्द लिहायची, ‘जेवण’, ‘औषध’ आणि ‘कळलं?’. शेवटी वैतागून तिनं एक दिवस कवळी काढून वाटीत ठेवली आणि मला जे काही महिन्याभराचं सुनवायचं होतं ते सुनवलं. त्यातलंही निम्मंच कळलं, दात नसताना ओठ आत ओढले जातात. हळूहळू नवं तोंड पाठ झालं.

रात्री लाइट गेली की आमच्या घरात बोलणं बंद. लोडशेडिंगच्या काळात मंडळी बॅटरी घ्यायची आणि खोलीत उजेड पाडायच्या ऐवजी स्वतःच्या हनुवटीखाली धरायची. पोरं भुताचा खेळ म्हणून हसायची. ती त्या उजेडात मला विचारायची, दाराला कडी लावली का.

२०२० साली मास्क आले आणि अख्खं गाव बहिरं झालं. जे लोक मला ‘लक्ष देत नाही’ म्हणायचे, तेच किराणा दुकानात ‘जरा मास्क खाली घ्या, ऐकू येत नाही’ म्हणायला लागले. कान तर त्यांचे धडधाकट होते! ऐकू येणारा माणूसही न कळत ओठ बघत असतो, ते झाकल्यावर त्याला उमगलं. यावर हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या दोघांनी १९७६ साली ‘नेचर’मध्ये एक प्रयोग छापला होता. आवाज ‘बा’चा लावायचा आणि चेहरा ‘गा’ म्हणणाऱ्याचा दाखवायचा. बघणाऱ्यांपैकी पुष्कळांना ‘दा’ ऐकू येतो, जो कुणी म्हटलेलाच नसतो. नातवावर करून बघितलं. डोळे मिटले की ‘बा’ म्हणायचा, उघडले की ‘दा’. त्याला तो जादूचा खेळ वाटला. मला एवढंच वाटलं की चला, डोळ्यानं ऐकणारा या घरात मी एकटा नाही.

आता तक्रारीची गोष्ट. दिव्यांग दाखल्याच्या कामासाठी एका शिबिराला गेलो होतो, ठिकाण सांगत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दोन्ही कानांत बोलण्याच्या आवाजांना ७० डेसिबल घट असेल तर कर्णबधिर, ६० ते ७० मध्ये असेल तर ऐकण्यास त्रास असलेला. मी त्या सीमेवरचा. तिथं कर्णबधिरांच्या रांगेतल्या लोकांची नावं माइकवरून पुकारत होते! आणि पुकारणाऱ्यानं माइक धरला होता नेमका तोंडापुढं, म्हणजे ओठांचीही सोय नाही. माझ्या शेजारी एक पोरगा सकाळपासून बसलेला, जन्मापासून ऐकू न येणारा, कवठेमहांकाळकडचा. त्यानं तळहातावर पेनानं स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं आणि दर पाच मिनिटांनी जाऊन तो हात टेबलावर दाखवत होता. मला हे सुचलं नाही. माझं नाव तीनदा पुकारलं आणि पुढं ‘गैरहजर’ असा शेरा पडला. पहिल्या बाकावर बसून गैरहजर! दुपारी दोनला मी भांडलो तेव्हा साहेब माझ्या कानाशी येऊन जोरात ओरडले. ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात, आणि कानाशी आलेल्या माणसाचं तोंड दिसतच नाही. त्या भिंतीवर फळा होता. खडूही होता. आकडे लिहिले असते तर काम भागलं असतं, कारण तोंडी आकड्यांतही ‘सात’ आणि ‘साठ’ माझ्या डोळ्याला जुळे भाऊ आहेत.

आता साताऱ्याचं. पुतणीची मुलगी सहा वर्षांची आहे. जन्मापासून ऐकू येत नाही, पण हे अडीच वर्षांपर्यंत कळलं नाही. घरचे मागून थाळी वाजवून बघायचे आणि ती वळायची, मग सगळे निश्चिंत. ती वळायची ती भिंतीवर सावली हलली म्हणून. कानाचं मशीन दिलं, त्यानं तिला फारसं काही पोहोचत नाही. घरच्यांचं ठरलं की पोरीला ओठ वाचायला शिकवायचं, म्हणजे चारचौघांत कळणार नाही. दोन वर्षं तिच्यासमोर गुडघ्यावर बसून सगळे ‘पाणी’, ‘पोळी’, ‘फूल’, ‘भात’ म्हणत राहिले. पोरगी तोंडाकडं बघत राहायची. चार वर्षांची झाली तरी आठ-दहा शब्दांच्या पुढं गाडी जाईना, आणि चिडली की स्वतःच्या हाताला चावायची.

मग एका शिक्षिकेनं तिला भारतीय सांकेतिक भाषा शिकवायला घेतली. परवा मी साताऱ्याला गेलो, तर तिनं मला हातांनी सांगितलं की मांजरीला कपाटात चार पिल्लं झाली, आजीच्या लुगड्यावर, एक काळं, आणि सगळ्यात बारीक होतं ते दुसऱ्या दिवशी हललं नाही, मग पप्पांनी ते शेवग्याखाली पुरलं, पण मांजर अजून कपाटात जाऊन बघते. ‘अजून बघते’ हे तिनं कपाटाचं दार उघडून, मान तिरकी करून, पुन्हा पुन्हा करून दाखवलं. मला त्यातलं निम्मं कळलं. ओठांवरून इतकं माझ्या वाट्याला क्वचित येतं. आता मीही तिच्याकडून शिकतोय. माझी बोटं मागानं जाड झालीत, ती माझी करंगळी धरून सरळ करते.

आणि त्या घरात आता तिच्या आजीनं आपल्या पुरवणीचं कात्रण फ्रिजला चिकटवलंय. ‘ही बघा, हिला खुणा लागल्या नाहीत. हात हलवायला शिकवलं की पोरगी बोलायची आळशी होईल.’ शिक्षिकेची शिकवणी बंद करायचं चाललंय.

मी ते कात्रण पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात एक ओळ आहे, वाचक पटकन ओलांडून जाईल अशी: मुलीचे कान सातव्या वर्षी मेंदूज्वरानं गेले. संपादक महाशय, सगळी गोष्ट या ओळीत आहे. सात वर्षं तिनं मराठी ऐकली. आईची, मास्तरांची, शेजाऱ्यांच्या भांडणांतली. माझं तर ऐकून ऐकून आयुष्य गेलं. ओठांवर जे दिसत नाही ते आम्ही दोघं त्या साठ्यातून भरतो. जिनं मराठी कधी ऐकलीच नाही तिनं ‘पान’ की ‘मान’ याचा अंदाज कशाच्या जोरावर बांधायचा? कांडीच रिकामी असली तर धोटा दिवसभर फेका, बाणा पडत नाही. आधी कांडी भरावी लागते, आणि या पोरीची कांडी हातांनी भरतेय.

हा घोळ साताऱ्याच्या त्या आजीनं सुरू केलेला नाही. १८८० साली इटलीत मिलानला बधिरांच्या शिक्षणावर मोठी परिषद भरली. जमलेले जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला की शाळेत खुणा नकोत, बोलूनच आणि ओठांवरूनच शिकवायचं. जगभरच्या शाळांतून पोरांचे हात त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या दाबले गेले. त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त करून ते फेटाळायला २०१० सालची व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली, एकशेतीस वर्षं! आपल्याकडं २०१६ चा कायदा सांगतो की कर्णबधिर मुलाला त्याला योग्य अशा भाषेत आणि पद्धतीनं शिकवा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं १०,००० शब्दांचा कोश केलाय, तो मोबाइलवर फुकट बघता येतो, मी बघतो. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र, वेळेत झालं, मशीन लवकर लागलं, तर काही पोरं बोलतात, ऐकतात, त्यांचं चांगलंच आहे. पोरीनं ओठही बघायला शिकावं, मी शिकवीन, माझ्याइतकं विट्यात कुणाला येतं? पण हात बांधून नको.

तेव्हा विनंती अशी. येत्या पुरवणीत त्या मुलीबद्दल पुन्हा चार ओळी छापा आणि त्यात सातव्या वर्षाची गोष्ट पहिल्या ओळीत घ्या, जमल्यास ठळक. कात्रण साताऱ्याला मी स्वतः घेऊन जाईन. फ्रिजवर जागा आहे.

आपला,
एक जुना जॉबर
विटा, ता. खानापूर, जि. सांगली

ता. क. पत्र छापण्याआधी खात्रीसाठी आपल्या कचेरीतून फोन येतो असं ऐकून आहे. कृपया फोन करू नये. व्हिडिओ कॉलही नको, त्यात ओठ एकीकडं आणि आवाज दुसरीकडं पळतो, आणि मग माझ्या दोन्ही चुका एकत्र येतात. मेसेज करावा. घरी माणूस पाठवणार असाल तर मिशी नसलेला पाठवावा.